दोन रस्ते असूनही राऊटर बंद रस्त्यानेच जातो. चार जागांच्या नेटवर्कला कोणता रूटिंग प्रोटोकॉल ठेवावा?

मोंढा_लातूर · रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे. अर्धवट सांगून उत्तर मागितलं तर तुमचाच वेळ जाईल, म्हणून सगळंच लिहितो.

आमची लातूरला एमआयडीसीत डाळ मिल आहे. मोंढ्यात आडत दुकान, औसा रोडला गोदाम आणि उदगीरला एक खरेदी केंद्र. चारही जागा मिळून तीसेक कॉम्प्युटर. सर्व्हर मिलमध्ये, टॅली आणि काट्याचं सॉफ्टवेअर दोन्ही त्यावरच. मी कॉमर्सचा. नेटवर्क हाताने करत करत शिकलो, त्यामुळे काही चुकीचं बोललो तर सांगा.

मिल ते मोंढा छतावरून छतावर वायरलेस डिश आहे, हवाई अंतर चार किलोमीटरच्या आत. शिवाय चारही जागी फायबरचं ब्रॉडबँड आहे आणि त्यावरून वायरगार्डचे टनेल (इंटरनेटमधून काढलेले खासगी रस्ते) मिलला येतात. मिलला स्थिर पब्लिक आयपी घेतलाय. उदगीरला फायबरच्या जोडीला फोरजीचं सिमही आहे. राऊटर चारही मायक्रोटिकचे. म्हणजे दुकानातून मिलला जायला दोन रस्ते आहेत, डिशचा आणि टनेलचा. हे दोन रस्ते करायला काकांनी मागच्या वर्षी चांगलेच पैसे घातलेत.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात सोयाबीनची आवक जोरात होती. दुपारी सौदा निघाला, काटे सुरू झाले आणि अडीचच्या सुमारास दुकानातून सर्व्हर दिसेनासा झाला. मिलच्या छतावरची डिश वाऱ्याने हलली होती. टनेल चालू होता; मी दुकानातल्या राऊटरवरून टनेलच्या पलीकडच्या टोकाला पिंग केलं, उत्तर येत होतं. पण दुकानातला एकही कॉम्प्युटर सर्व्हरपर्यंत पोचेना. संध्याकाळी सातला डिश सरळ केली तेव्हा सगळं आपोआप सुरू झालं. तोवर चाकूर, रेणापूरकडून पहाटे निघालेली माणसं पट्टीसाठी (मालाच्या हिशेबाची पावती) दुकानात बसून होती. त्यातल्या एका आजोबांची शेवटची एसटी गेली. ते रात्री दुकानातच झोपले. मला ते फार लागलं.

ज्यांनी बसवलं त्यांनी काही स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेले रस्ते) आणि काही आरआयपी (राऊटर एकमेकांना रस्ते सांगतात तो प्रोटोकॉल) असं ठेवलंय. आता एकजण म्हणतो ओएसपीएफ करा, दुसरा म्हणतो बीजीपीशिवाय खरं फेलओव्हर (एक रस्ता गेला की आपोआप दुसऱ्यावर जाणं) होत नाही; हे दोन्हीही तसलेच प्रोटोकॉल. तीन-चार प्रोटोकॉल आहेत, त्यातला कोणता निवडावा? आणि दोन एकाच वेळी चालू असले तर राऊटर कोणाचं ऐकतो?

---

जालना_रोलिंग · रविवार, रात्री १०:२५

आरआयपी काढून टाका आणि सगळं स्टॅटिक करा. आमच्या रोलिंग मिलचं ऑफिस, यार्ड आणि शहरातलं ऑफिस अशा तीन जागा आहेत. सहा वर्षं झाली, सगळं स्टॅटिक चाललंय. रात्री दोनला फोन आला तरी मी डोळे झाकून सांगू शकतो कुठला रूट कुठे जातो. प्रोटोकॉल चालवायला माणूस लागतो, आणि छोट्या धंद्यात तो माणूस नसतो.

---

वाळूज_बीशिफ्ट · रविवार, रात्री ११:१०

प्रोटोकॉल नंतर ठरवू. आधी दुकानातल्या राऊटरचा रूट टेबल (कुठल्या नेटवर्कला कुठून जायचं याची यादी) टाका. मिलच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या सगळ्या नोंदी, त्यांच्यापुढचा डिस्टन्सचा आकडा आणि कोणती नोंद ॲक्टिव्ह आहे, एवढं हवं. पब्लिक आयपी आणि पासवर्ड तेवढे झाका.

---

मोंढा_लातूर · सोमवार, सकाळी ८:०५

मिलचं नेटवर्क १०.१०.१.०/२४. दुकानातून तिकडे दोन नोंदी दिसतात. पहिली स्टॅटिक, गेटवे (म्हणजे पुढचा राऊटर) डिशच्या पलीकडचा १७२.१६.१.१, डिस्टन्स १, ॲक्टिव्ह. दुसरी आरआयपीने शिकलेली, टनेलमधून, डिस्टन्स १२०, ॲक्टिव्ह नाही. बाकी गोदाम आणि उदगीरचे रूट आरआयपीचेच आहेत.

---

वाळूज_बीशिफ्ट · सोमवार, दुपारी १:४०

मग त्या दिवशी काय झालं ते कळलं. राऊटर कोणाचं ऐकतो हा तुमचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

पॅकेट (माहितीचा तुकडा) आलं की राऊटर पहिल्यांदा बघतो की कोणत्या नोंदीचा पत्ता सगळ्यात नेमका आहे. तिरप्या रेघेनंतरचा आकडा मोठा तितका पत्ता नेमका; /२४ आणि /१६ दोन्ही जुळत असतील तर /२४ जिंकणार, मग ती नोंद कुठूनही आलेली असो. तंतोतंत त्याच नेटवर्कच्या दोन नोंदी वेगवेगळ्या मार्गांनी आल्या असतील तर डिस्टन्स बघितला जातो, लहान आकडा जिंकतो. थेट जोडलेल्या नेटवर्कचा ०, स्टॅटिकचा १, ओएसपीएफचा ११०, आरआयपीचा १२०. सिस्को आणि मायक्रोटिकवर हे आकडे असेच आहेत. मेट्रिक म्हणजे हॉप (वाटेत लागणारे राऊटर) किंवा कॉस्ट (रस्त्याला दिलेली किंमत), ते सगळ्यात शेवटी येतं आणि तेही एकाच प्रोटोकॉलच्या आत. आरआयपीचे २ हॉप आणि ओएसपीएफची कॉस्ट २० यांची तुलना राऊटर कधीच करत नाही.

डिस्टन्स म्हणजे त्या माहितीवर किती भरवसा ठेवायचा याचा आकडा. तो प्रत्येक राऊटरचा स्वतःपुरता असतो, शेजाऱ्याला कळवला जात नाही. आणि कंपनी बदलली की आकडे बदलतात. ज्युनिपरवर स्टॅटिक ५, ओएसपीएफचे आतले रूट १०, आरआयपी १००, पण ओएसपीएफमध्ये बाहेरून आणलेले रूट १५०. म्हणजे तिथे बाहेरून आणलेल्या रूटच्या बाबतीत आरआयपी ओएसपीएफला हरवतं. दोन कंपन्यांचे राऊटर एकत्र असतील तर हे आधी तपासावं. मी एकदा एका प्लँटमध्ये यात पूर्ण रात्र घालवली आहे.

आता तुमचं. डिश हलली, पण डिशला वीज देणारा पीओई अडॅप्टर तुमच्या दुकानात चालूच होता. राऊटरचं पोर्ट आणि आपल्या बाजूची डिश यांच्यातली केबल जिवंत होती. राऊटरला पोर्ट वर दिसतंय, म्हणून त्याने स्टॅटिक रूट काढला नाही. तो एवढंच बघतो की गेटवे ज्या नेटवर्कमध्ये आहे ते नेटवर्क पोर्टवर आहे का. चार किलोमीटर पलीकडे काय झालं हे स्टॅटिकला कळायची सोयच नाही. आणि १ विरुद्ध १२०, त्यामुळे आरआयपीने आणलेला चांगला रस्ता शेवटपर्यंत बाजूला बसून राहिला. काकांनी पैसे घातलेला दुसरा रस्ता त्या दिवशी ठणठणीत होता. त्याला फक्त पाळी मिळाली नाही.

लाईट गेल्यावरही हेच होत असणार. लाईट आली की पोर्ट लगेच वर येतं आणि स्टॅटिक लगेच ॲक्टिव्ह होतो. डिश चालू होऊन समोरची डिश सापडायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ सगळी पॅकेटं वाया जातात.

---

मोंढा_लातूर · सोमवार, दुपारी २:१५

लाईट आल्यावर दोन मिनिटं सर्व्हर दिसत नाही हे रोजचं आहे! आम्ही समजत होतो सर्व्हरच हळू उठतो. पण सर्व्हर तर यूपीएसवर आहे, तो बंदच होत नाही. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

---

पाटी_आणि_पॅकेट · सोमवार, रात्री ९:३०

मी नांदेडला डिप्लोमाच्या मुलांना नेटवर्किंग शिकवते. वरचं निदान बरोबर आहे, त्यात निवडीचा भाग घालते.

आरआयपी वाईट म्हणून काढा असं मी म्हणणार नाही. १९८८ साली त्याचं पहिलं प्रमाण लिहिलं गेलं आणि छोट्या नेटवर्कला ते अजूनही चालतं. पण त्याचा स्वभाव समजून घ्या. प्रत्येक राऊटर दर ३० सेकंदांनी शेजाऱ्याला आपलं टेबल सांगतो. शेजारी गप्प झाला तर १८० सेकंद वाट बघून मग रूट बाद करतो. म्हणजे तुमच्या काट्याला तीन मिनिटं. आणि तो फक्त हॉप मोजतो. तुमच्याकडे डिश एक हॉप आणि टनेलही एक हॉप, त्यामुळे त्याच्या दृष्टीने दोन्ही सारखे. हॉप १५ पर्यंतच, १६ म्हणजे पोचता येत नाही. ही मर्यादा तुम्हाला कधी लागणार नाही, पण तिच्यामागचं कारण मुलांना मी नेहमी सांगते: आरआयपीच्या राऊटरला नकाशा माहीत नसतो, शेजाऱ्याने सांगितलेलं तेवढं खरं. अ म्हणतो ब कडून रस्ता आहे, ब म्हणतो अ कडून आहे, आणि आकडा वाढत जातो. कुठेतरी थांबायला म्हणून १६.

ओएसपीएफमध्ये प्रत्येक राऊटर आपल्या जोडण्या सगळ्यांना कळवतो, त्यामुळे प्रत्येकाकडे पूर्ण नकाशा असतो आणि सगळ्यात स्वस्त वाट तो स्वतः काढतो. त्यासाठी डायक्स्ट्रा यांची पद्धत वापरतात. १९५६ साली रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायची सगळ्यात जवळची वाट कोणती, या प्रश्नावर त्यांना ती सुचली आणि १९५९ साली छापून आली. वर्गात मी लातूरहून नांदेडला जायचं गणित घालते. अहमदपूर-लोह्यावरून जायचं की उदगीरवरून वळसा घ्यायचा हे वाटेत गावं किती लागतात यावर ठरत नाही, रस्ता कसा आहे यावर ठरतं. मुलांना लगेच कळतं, कारण त्या रस्त्यांनी ती आलेली असतात.

तुम्हाला ओएसपीएफ सुचवण्यामागे माझं कारण वेगळंच आहे. तो शेजाऱ्याशी बोलून बघतो. साधारणपणे दर १० सेकंदांनी हॅलो (आहेस का, असा छोटा निरोप) जातो, ४० सेकंद उत्तर आलं नाही तर शेजारी गेला असं धरतो. पोर्ट वर असलं तरी हॅलो पलीकडे पोचला नाही तर रस्ता बाद. डिश उठली नसेल तर शेजारीच बनत नाही, म्हणून लाईट आल्यावरची ती दोन मिनिटंही सुटतील.

चार राऊटरला एकच एरिया (ओएसपीएफमध्ये नेटवर्कचे पाडलेले भाग) पुरे, एरिया शून्य. त्यापेक्षा जास्त कोणी सांगितलं तर विचारा का.

---

जालना_रोलिंग · सोमवार, रात्री १०:१०

मॅडम, पटतंय, पण माझा मुद्दा तसाच आहे. स्टॅटिकमध्येही गेटवेला पिंग करून बघायची सोय आहे, चेक गेटवे. डिशच्या पलीकडच्या टोकाला पिंग लावला, उत्तर थांबलं की रूट आपोआप बाजूला होतो आणि डिस्टन्स १० चा दुसरा स्टॅटिक टनेलवरून वर येतो. दर १० सेकंदांनी तपासतो, दोनदा उत्तर आलं नाही की रस्ता सोडतो. आमच्याकडे हेच आहे. ओएसपीएफ बिघडला तर तो का बिघडला हे वाचता येणारा माणूस लातूरच्या मोंढ्यात दुपारी तीनला कुठून आणणार?

---

वाळूज_बीशिफ्ट · सोमवार, रात्री ११:००

जालना दादा, तुमच्या तीन जागांना मी हेच सांगितलं असतं. दोन-तीन जागा असतील आणि सगळे एकाच ठिकाणी जोडलेले असतील तर चेक गेटवेसकट स्टॅटिक हा उत्तम उपाय आहे, त्यात कमीपणा काही नाही.

यांचं वेगळं आहे. दुकानातल्या राऊटरला कळलं की डिश गेली, एवढ्याने भागत नाही. मिलच्या राऊटरलाही त्याच वेळी कळायला हवं, नाहीतर जाणारं पॅकेट टनेलने जातं आणि येणारं उत्तर मेलेल्या डिशकडे. म्हणजे प्रत्येक स्टॅटिक दोन्ही टोकांना, दोन-दोन. उद्या गोदाम ते दुकान अशी दुसरी डिश लावली तर चारही राऊटरवर नोंदी बदलाव्या लागतील आणि एक तरी राहणारच. जागा चार आणि काही जागांना दोन वाटा, इथून पुढे मी हाताने लिहिलेल्या रूटवर भरवसा ठेवत नाही.

पण माणसाचा मुद्दा शंभर टक्के खरा. म्हणून माझी अट: मिलमध्ये मोंढा दादांशिवाय अजून एकाला तरी शेजाऱ्यांची यादी उघडून बघता आली पाहिजे.

---

उदगीर_टॉवर · मंगळवार, सकाळी ७:२०

मी डिशा बसवायचंच काम करतो, तर एक गोष्ट सांगतो. डिश पूर्ण मरते तेव्हा सोपं असतं. जास्त त्रास अर्धमेल्या डिशचा. वाऱ्याने थोडी फिरली, समोर कोणी पाण्याची टाकी बांधली, बाजूच्या इमारतीवर त्याच चॅनेलची दुसरी डिश आली, की लिंक चालू राहती पण शंभरातली तीस पॅकेटं गळतात. टॅली चालत नाही, पण हॅलो जात राहतो. ओएसपीएफला शेजारी दिसतोय म्हणून तो तोच रस्ता धरून बसतो. हे मी लई ठिकाणी बघितलंय.

तर सिग्नलचा आकडा रोज बघा. बसवल्या दिवशीचा आकडा डिशच्या खांबावर मार्करनं लिहून ठेवा. त्याच्यापेक्षा पाच-सहा डीबीनं (सिग्नलचं माप) घसरला की सौदा नसलेल्या दिवशी वर चढा. आणि खांबाला तीन बाजूंनी तारेचे ताण द्या. राऊटरमध्ये काहीबी केलं तरी खांब हलायलाय तोवर उपयोग नाही.

---

पाटी_आणि_पॅकेट · मंगळवार, दुपारी १२:५०

उदगीर दादांच्या तीस टक्क्यांचं गणित करून बघितलं. रस्ता बाद व्हायला सलग चार हॅलो चुकायला हवेत. तीस टक्के गळतीत सलग चार चुकायची शक्यता शेकड्याला एकाहून कमी. तासाला ३६० हॅलो जातात, म्हणजे सरासरी तासाला दोनदा शेजारी पडेल आणि लगेच परत उठेल. मधला सगळा वेळ काम रखडत चालेल. वाईट रस्ता ओळखणं हे ओएसपीएफचं कामच नाही, तो मेलेला रस्ता ओळखतो. अशा वेळी हाताने त्या डिशची कॉस्ट वाढवायची म्हणजे सगळे टनेलवर जातात. हे मात्र दुकानातल्या माणसालाही फोनवर सांगता येतं.

---

हिंगोली_हळद · मंगळवार, दुपारी ४:३०

मधेच विचारतो, माफ करा. वसमतला आमचं हळदीचं गोदाम आहे, दोन कंपन्यांचं इंटरनेट घेतलंय. मलाही बीजीपी घ्यायला सांगितलंय. घ्यावं का?

---

वाळूज_बीशिफ्ट · मंगळवार, संध्याकाळी ६:४५

बीजीपीने दोन्ही कंपन्यांकडून स्वतःचे पत्ते जाहीर करायचे तर स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर आपल्या नेटवर्कची ओळख) आणि स्वतःचे आयपी लागतात. ते भारतात आयआरआयएनएनकडे (हे नंबर आणि पत्ते वाटणारी संस्था) मागावे लागतात, आणि दोन्ही कंपन्यांनी तुमच्याशी बीजीपी बोलायला तयार व्हावं लागतं. घरगुती किंवा दुकानाच्या ब्रॉडबँडवर ते होत नाही. तुम्हाला दोन डिफॉल्ट रूट (दुसरी कुठलीच नोंद जुळली नाही तर घ्यायचा रस्ता) पुरे: एकाचा डिस्टन्स १, दुसऱ्याचा २.

फक्त एक चूक करू नका. चेक गेटवे तुमच्या फायबरच्या डब्याला लावू नका. रस्त्याच्या कामात जेसीबीने बाहेर फायबर तोडली तरी डबा आत चालूच असतो आणि पिंगला उत्तर देत राहतो. तपासणी बाहेरच्या एखाद्या पत्त्याची ठेवायची, उदाहरणार्थ १.१.१.१. त्या एका पत्त्याला पहिल्या लाईनमधूनच जाणारा /३२ रूट लिहायचा, आणि डिफॉल्ट रूटचा गेटवे म्हणून तोच पत्ता द्यायचा. मायक्रोटिकवर यासाठी स्कोपचे आकडे (गेटवे कोणत्या रूटवरून शोधायचा ते ठरवणारे) नीट लावावे लागतात. एक दिवस घालवून समजून घ्या, आपल्याकडे फायबर तुटण्याचं प्रमाण बघता तो दिवस वसूल होतो.

मोंढा दादा, तुम्हालाही हेच लागू. आणि डिफॉल्ट रूट ओएसपीएफमध्ये फिरवू नका. टनेलच्या बाहेरचं पॅकेट इंटरनेटवरूनच जातं. डिफॉल्टच टनेलमधून शिकलात तर टनेल स्वतःच्याच पोटातून जायला बघेल आणि कोसळेल.

---

मोंढा_लातूर · रविवार, रात्री ८:३०

आज मार्केट बंद होतं, सकाळपासून बसलो. ओएसपीएफ चढवला. दोन ठिकाणी अडकलोय.

एक: उदगीरचा शेजारी एक्स-स्टार्टच्या (ओळख झाल्यावरची बोलण्याची सुरुवात) पुढे जातच नाही. गोदाम आणि दुकान फुल्ल (जोडणी पूर्ण) आहेत.

दोन: दुकानात ओएसपीएफने १०.१०.१.०/२४ छान शिकलाय. जुन्या स्टॅटिकचा डिस्टन्स लगेच काढायची भीती वाटली म्हणून २०० केला, आता ओएसपीएफचा ११० ॲक्टिव्ह आहे. मिलकडच्या डिशची केबल काढली तर रस्ता टनेलवर जातो. मिलचा प्रिंटर दिसतो, कॅमेरे दिसतात. पण सर्व्हर दिसत नाही! सर्व्हर १०.१०.१.५, त्याच नेटवर्कमध्ये आहे. हे कसं होतं?

---

वाळूज_बीशिफ्ट · रविवार, रात्री ८:५५

दुसऱ्याचं उत्तर आधी. टेबलमध्ये १०.१०.१.५/३२ अशी एखादी नोंद आहे का? कोणीतरी कधीतरी घाईत फक्त सर्व्हरसाठी स्टॅटिक लिहिलेला असणार. /३२ हा /२४ पेक्षा नेमका. तिथे डिस्टन्सचा प्रश्नच येत नाही, त्याला ९ द्या नाहीतर २५० द्या, तोच जिंकणार.

---

मोंढा_लातूर · रविवार, रात्री ९:०५

आहे. डिशच्या गेटवेवर. शेरा लिहिलेला नाही, कोणी आणि कधी घातला माहीत नाही. काढला. सर्व्हर लगेच दिसला.

म्हणजे त्या दिवशी मी नुसता डिस्टन्स बदलला असता तरी सर्व्हर मिळालाच नसता.

---

पाटी_आणि_पॅकेट · रविवार, रात्री ९:२०

नसता मिळाला. आणि तुम्ही ओएसपीएफलाच दोष दिला असता, म्हणून केबल काढून बघितलीत ते फार चांगलं केलंत.

उदगीरचं: दोन्ही टोकांचे एमटीयू (एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार) बघा. एक्स-स्टार्टवर अडकण्याचं नेहमीचं कारण तेच. वायरगार्डचा साधारण १४२० असतो. उदगीरचं फायबर पीपीपीओई (लॉगिन करून चालणारी जोडणी) असेल तर तिथे कोणीतरी १४१२ केलेला असू शकतो आणि मिलकडे १४२० राहिला असेल. हॅलो लहान असतात म्हणून शेजारी ओळखतात, पुढच्या पॅकेटमध्ये एमटीयूचा आकडा जातो, तो जुळला नाही की बोलणं थांबतं. दोन्हीकडे १४१२ करा.

वायरगार्डच्या परवानगीच्या पत्त्यांत २२४.०.०.५ टाकलाय ना? ओएसपीएफचे हॅलो त्या पत्त्यावर जातात. बाकी दोघे फुल्ल आहेत म्हणजे टाकला असणार, तरी बघा. प्रत्येक टनेल वेगळ्या इंटरफेसवर, एका इंटरफेसवर एकच पीअर (पलीकडचं टोक), आणि प्रकार पॉइंट टू पॉइंट.

---

मोंढा_लातूर · रविवार, रात्री ९:४५

१४१२ च होता. दोन्हीकडे सारखा केला, उदगीर फुल्ल!

अजून एक. डिशची कॉस्ट १० आणि टनेलची १०० दुकानात दिली. तरी मिलकडून येणारं उत्तर टनेलनेच येतंय.

---

वाळूज_बीशिफ्ट · रविवार, रात्री ९:५२

कॉस्ट बाहेर जाणाऱ्या पोर्टची असते. दुकानात दिलेली कॉस्ट दुकानातून निघणाऱ्या पॅकेटलाच लागू. मिलच्या राऊटरवरही तेच १० आणि १०० द्या. मायक्रोटिक लाईनच्या वेगावरून कॉस्ट काढत नाही, हातानेच द्यावी लागते. सिस्को काढतो, पण मुळात १०० एमबीपीएस धरून काढतो, त्यामुळे १०० एमबीपीएस आणि १ जीबीपीएस दोन्हींची कॉस्ट १ येते. म्हणजे तिथेही हात लावावाच लागतो.

आणि कॉम्प्युटर असलेली पोर्टं पॅसिव्ह करा (तिथे ओएसपीएफने शेजारी शोधायचा नाही), शेजारी जोडायच्या लिंकवर पासवर्ड ठेवा. दुकानातल्या स्विचला कोणीही काहीही जोडतं, त्याला आपला रस्ता ठरवायचा अधिकार नको. आरआयपी आता पूर्ण बंद करा. ठेवला तर पुढे कोणीतरी एकाचे रूट दुसऱ्यात ओतायला जाईल, आणि मग तोच रूट फिरून आपल्याकडे परत येतो.

---

मोंढा_लातूर · गुरुवार, रात्री १०:१५

चार दिवसांचा हिशेब देतो.

रविवारी रात्रीच मिलच्या डिशचा अडॅप्टर काढून घड्याळ लावलं. दुकानातला रस्ता टनेलवर जायला ३७ सेकंद. मॅडमना विचारून डिशच्या दोन्ही टोकांना हॅलो २ आणि डेड (शेजारी गेला असं धरायची वेळ) ८ सेकंद केला. पहिल्यांदा एकाच टोकाला केला तर शेजारीच तुटला, मग कळलं की आकडे दोन्हीकडे सारखेच हवेत. आता ७ सेकंद. उदगीरच्या टनेलचे आकडे तसेच ठेवलेत. फोरजीवर जातो तेव्हा तो थोडा रखडतो, तिथे घाई केली तर उगाच पडझड होईल असं वाटलं.

सोमवारी खांबाला ताण दिले. उदगीर दादा, आकडा मार्करनं लिहिलाय.

काल बुधवारी तीन वाजून वीस मिनिटांनी डिश खरोखर गेली. मिलच्या बाजूला लाईट गेली होती आणि छतावरच्या डिशचं इन्व्हर्टरचं कनेक्शन कोणीतरी पंख्याला लावलं होतं. सौदा चालू होता, काटे चालू होते. मला हे संध्याकाळी लॉग बघताना कळलं. दुकानातल्या मुनीमजींना विचारलं, दुपारी काही अडलं का? ते म्हणाले नाही, का? पट्ट्या सगळ्या साडेपाचला निघाल्या होत्या.

जालना दादांची आणि वाळूज दादांची अट पाळली आहे. मिलमध्ये राऊटरच्या कपाटावर चिठ्ठी लावलीय आणि मुनीमजींच्या मुलाकडून दोनदा करून घेतलंय. चिठ्ठीत असं आहे: शेजारी चार दिसले पाहिजेत, दुकान दोनदा, गोदाम एकदा, उदगीर एकदा. चारही फुल्ल असतील आणि दुकान तरी रखडत असेल तर मिल आणि दुकान दोन्हीकडे डिशची कॉस्ट १० ची २०० करा आणि मला फोन करा. शेजारी तीनच असतील तर कोण कमी आहे ते बघा, आधी त्याची लाईट विचारा. स्टॅटिक रूट नवीन घालू नका. घालावाच लागला तर शेऱ्यात नाव आणि तारीख लिहा.

---

जालना_रोलिंग · गुरुवार, रात्री १०:४०

चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य मी आमच्या तिन्ही राऊटरवर आजच लागू करतो. तुमचा धागा वाचून आमच्यातले रूट तपासले. दोन नोंदी अशा निघाल्या की त्या कशासाठी आहेत ते मलाही आठवेना. उद्या सुट्टीनंतर एकेक बंद करून बघतो.

---

मोंढा_लातूर · गुरुवार, रात्री १०:४८

दादा, काढून टाकू नका, आधी नुसत्या डिसेबल करा आणि आठवडाभर थांबा. महिन्यातून एकदाच चालणारं काहीतरी त्यावर असू शकतं. आमच्याकडे जीएसटीच्या रिटर्नचा कॉम्प्युटर तसाच निघाला.